चाक थांबलं की येतो

रविवार, ९ नोव्हेंबर

वेदिकाचा फोन आला. माझ्या मुलीची मुलगी. रत्नागिरीला होस्टेलवर राहते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय असा: विश्व हे कायम चालणारं यंत्र मानता येईल का? तिच्या वाट्याला ‘नाही’ ही बाजू आली.

“आबा, तुम्ही जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात. कायम चालणारं यंत्र असतं का हो?”

म्हटलं, “असतं तर मला पगार कुणी दिला असता?”

हसली. मग म्हणाली, समोरच्या बाजूची मुलं फार जोरात आहेत. ती म्हणतात, पृथ्वी फिरते, चंद्र फिरतो, कुणी पेट्रोल घालत नाही, कुणी ढकलत नाही. मग हे कायम चालणारं यंत्र नाही तर काय? थांबलेलं विश्व कुणी पाहिलंय? म्हणून तिला एक व्हिडिओ हवा आहे. चांगल्या बेअरिंगवर बसवलेलं चाक एकदाच जोरात फिरवायचं, आणि ते मंदावत मंदावत थांबेपर्यंत दाखवायचं. स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

मी हो म्हटलं. मे महिन्यात निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हापासून कुणी मला सांगितलेलं हे पहिलंच काम.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चाक उभं राहिलं. सायकलची जुनी रिम आहे. कडेनं बुरोंडीच्या कोळ्यांकडून आणलेली जाळ्याची शिशाची वजनं गुंडाळली, म्हणजे चाकाला अंगचा भार येतो. बेअरिंग मुंबईहून आणलेलं, मोडीत निघालेल्या एका लिफ्टच्या पुलीतलं. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ दिला, त्याच्याबरोबर हे मी मागून घेतलं होतं. चाक टेकवायला फणसाच्या लाकडाची घोडी केली आणि सगळं पडवीच्या कोपऱ्यात मांडलं.

माझी बायको कमल सुपात कुळीथ पाखडत बसली होती.

“आता मी पाट्या ठेवायच्या कुठं?”

“दोन आठवड्यांचा प्रश्न आहे.”

“कशासाठी हाय पण हे?”

“फिरतं का ते बघायचंय.”

तिनं चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “फिरंल की. चाकच हाय ते.” आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

विश्वाचं वगैरे तिला सांगत बसलो नाही. असल्या गोष्टींचा तिला कंटाळा येतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चाक थोडं हेलकावत होतं. एका बाजूचं शिसं काढून दुसरीकडे घातलं, त्यात दोन दिवस गेले. उद्या फिरवणार.

दुपारी रितेशचा फोन आला. तो माझ्या हाताखाली शिकला, आता त्याची स्वतःची लिफ्ट बसवायची कंपनी आहे.

“गंगारामभाऊ, डोंबिवलीला टॉवर घेतलाय. पोरं आहेत, पण नजर नाही कुणाला. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसायचं आणि ओरडायचं. खोलीचं मी बघतो.”

मनातलं खरं लिहायचं तर मला जावंसं वाटतं. इथे माझ्यावाचून कुणाचं अडतं? भात कापून झालं, झोडून झालं, मला विचारायला कुणी आलं नाही. काय करू म्हणून विचारलं की कमल म्हणते, बसा. परवा पेंढ्याची उडवी मी रचली. संध्याकाळी बघतो तर हिनं ती सगळी उतरवून पुन्हा रचलेली. “पाणी शिरलं असतं,” एवढंच म्हणाली. मुंबईत होतो तेव्हा गणपतीला आणि शिमग्याला यायचो, तेव्हाही असंच. कौलं चाळलेली, कणगी भरलेली, गाय दुभती, पोरीची फी गेलेली. बाहेरून कुणी हात न लावता चालणारं यंत्र बघायचं असेल, तर वेदिकानं हे घर येऊन बघावं.

रितेशला सांगितलं, “हातात एक काम आहे. पडवीत चाक बसवलंय. ते चाक थांबलं की येतो.” आमच्याकडे रेंज पडवीच्या टोकाला येते आणि तीही धड नाही, त्यामुळे शेवटचं वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं.

फोन ठेवल्यावर कमलनं विचारलं, “परत जाणार तुमी?”

“बघू. आधी चाक थांबू दे.”

 संध्याकाळी पाट्या, हंडे सगळं हलवून तिनं स्वयंपाकघरापासून चाकापर्यंत वाट मोकळी करून दिली. चाकासाठी जागा लागते हे तिला पटलेलं दिसतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी चहा झाल्यावर चाकाला पूर्ण जोर देऊन सोडलं. सुरुवातीला आऱ्या दिसत नव्हत्या, भुंग्यासारखा एकसुरी आवाज येत होता. माझा अंदाज होता की फार तर तासभर चालेल. वेग उतरला, आवाजही खालच्या पट्टीत आला. आता मोबाईल लावावा म्हणतो तोच आतून कमल म्हणाली, “बुरोंडीला बांगडे आलेत म्हणे. आत्ता गेलात तर मिळतील.”

“थोड्या वेळानं जातो.”

“थोड्या वेळानं काटे मिळतील.”

गेलो. आमची वाडी वर, समुद्र खाली. मधली पायऱ्यांची पाखाडी आता गुडघ्यांना कळते. बांगडे घेऊन वर आलो तर चाक फिरत होतं, आणि मी जाताना होतं त्यापेक्षा जोरात. पुन्हा समोर बसलो. पुन्हा मंदावायला लागलं, तर हिला नारळ सोलून हवे होते, तेही मागच्या दारी. सोलून आलो, फिरतंय. जेवलो, डोळा लागला, उठलो, फिरतंय. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हाही फिरत होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी उठून आधी पडवीत गेलो. फिरतंय. चूल पेटलेली होती, कमल माझ्या आधी उठते. म्हणजे रात्रभर चाललं. मी रात्री पाहिलेलं नाही, पण रात्रीत कोण येऊन थांबवणार आणि कोण सुरू करणार?

एवढी वर्षं पुल्या आणि बेअरिंगं हाताळली. असं पाहिलेलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

“आबा, थांबलं?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे फिरतंय. परवापासून.”

वेदिका म्हणाली, “आबा, असं होऊ शकत नाही.”

“मी तरी दुसरं काय म्हणतोय?”

मग तिनं मला नीट समजावलं. अशक्य यंत्रं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक, जे घेतं त्यापेक्षा जास्त देतं. ते मला कळलं, तसं असतं तर विजेचं बिल कुणाला आलं नसतं. दुसरं, जे घासण्यात गेलेली सगळी उष्णता गोळा करून पुन्हा कामाला लावतं. हे कळायला वेळ लागला. मग ब्रेकचा ड्रम आठवला. दिवसभर लिफ्ट वरखाली करून तो असा तापायचा की हात लावता येत नसे. ती उष्णता कुठे नाहीशी झालेली नसते, तिथेच असते, मशीनरूमच्या हवेत. पण त्या गरम हवेवर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन दाखव म्हटलं तर कुणी नेणार नाही. वेदिका म्हणाली, विश्वाचं तेच होतंय. ऊर्जा संपत नाही, पसरते. आणि सगळीकडे सारखी पसरली की तिच्याकडून काम करून घेता येत नाही.

“म्हणजे विश्व म्हणजे तापलेली मशीनरूम.”

“आबा, हे वाक्य मी घेते. पण आधी ते चाक थांबवा. माझ्याच आजोबांचं चाक माझ्याविरुद्ध साक्ष देतंय.” मग म्हणाली, “वारा लागत असेल.”

पडवीला ताडपत्री बांधली. कमलनं स्वतः दोऱ्या धरल्या. तिनं एकच सुचवलं, आतल्या दाराच्या बाजूनं बांधू नका, जायला यायला अडचण होईल. ती बाजू मोकळी ठेवली. तिकडून काही वारा येत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वारा नाही. चाक चालूच.

एक गोष्ट लक्षात आली आहे. ते एकसारखं चालत नाही. मंदावतं, आणि मग मी नसताना केव्हातरी पुन्हा वेग घेतं. सकाळी ताजं असतं, दुपारच्या जेवणानंतर ताजं असतं, दिवेलागणीला ताजं असतं. मधल्या वेळात मी समोर बसलो की थकत जातं, आणि आता थांबणार असं वाटतं तेवढ्यात घरात माझं काहीतरी काम निघतं. ह्या घरात एरवी मला काम नसतं. ह्या आठवड्यात मी विहिरीचा रहाट दुरुस्त केला, कुंपणाच्या गडग्याचे पडलेले चिरे लावले, माळ्यावरची जुनी भांडी उतरवली आणि पुन्हा चढवली.

वेदिकानं फोनवर काही वाचायला पाठवलं आहे. त्यात असं की भरती-ओहोटीच्या घासण्यानं पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतंय, आणि चंद्र दर वर्षी दीडेक इंच लांब जातोय. म्हणजे पृथ्वी हेही चाकच, आणि समोरचा समुद्र हा तिचा ब्रेक. लिफ्टच्या ब्रेकचं अस्तर झिजतं, बदलावं लागतं. इथे अस्तर पाण्याचं. हे वाचून समुद्राकडे बराच वेळ बघत राहिलो. ह्याच्याच काठावर जन्मलो, पण तो दिवसरात्र काय काम करतो ते ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात एक आलंय. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. समुद्र जर पृथ्वीला धरू शकतो, तर चंद्राची ओढ माझ्या शिशाला लागत नसेल कशावरून?

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज अमावास्या. दुपारी बाराच्या सुमाराला मोठी भरती असते, हे इथे कुणालाही विचारा. वरून पाणी दिसत होतं, पुळणीवरच्या होड्यांच्या बुडाला लागलं होतं. जेवायला आत गेलो, बाहेर आलो, तर चाकानं असा वेग घेतलेला की ताडपत्री थरथरत होती.

वेदिकाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “आबा, चंद्र आख्खा समुद्र उचलतो, पण चहाचा कप उचलत नाही. तुमचं चाक कपाएवढं आहे.”

म्हटलं, “पण वेळ जुळते.”

“तीन दिवस थांबा. भरती रोज पुढे सरकते. चाकही सरकतं का बघा.”

पोरगी हुशार आहे. आई तिची लहानपणी अशीच होती, प्रत्येक गोष्टीला तीन दिवस थांबा म्हणायची.

रविवार, २३ नोव्हेंबर

भरती सरकली. आता ती दुपारी दोनच्याही पुढे येते. चाक सरकलं नाही, ते जेवणाच्या वेळेलाच ताजं होतं. चंद्राशी त्याचा संबंध नाही. जेवणाची वेळ मात्र त्याला बरोबर कळते.

मग सरळ कमलला विचारलं, “तू हात लावतेस काय गो ह्याला?”

तांदूळ धुता धुता म्हणाली, “मी कशाला लावू? मला काय कामं नायत?”

खरंच आहे. तिला कामं आहेत, आणि यंत्राची आवड तिला कधीच नव्हती. टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्याकडे देते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वेळणेश्वरहून फोन आला. कमलची धाकटी बहीण विमला न्हाणीत घसरली, पाय मोडला, प्लास्टर घातलंय. मुलगा-सून मुंबईला, घरात ती एकटी. दोन-चार दिवस येऊन जा म्हणाली.

मी म्हटलं, जाऊन ये. दाभोळला फेरीबोटीनं पलीकडे उतरलं की पुढे गाडी मिळते. कमल म्हणाली, “नाय जमायचं.”

“का?”

“तुमचं जेवण?”

“तीस वर्षं हातानं करून खाल्लं मी मुंबईत.”

“गाय हाय.”

“गाय ज्ञानेश्वरी बघेल.” ज्ञानेश्वरी म्हणजे शेजारच्या घरची सून, नवरा मुंबईला, कमलच्या हाताखालीच तयार झालेली.

“नाय जमायचं म्हटलं ना.”

नंतर पडवीच्या टोकाला पाठमोरी बसून बहिणीशी फोनवर बोलत होती. पदरानं डोळे पुसताना दिसली. दोघी बहिणींचा एकमेकींवर किती जीव आहे, ते मला माहीत आहे. मग जात का नाही? हे कोडं चाकापेक्षा अवघड आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रितेशचा पुन्हा फोन. “भाऊ, थांबलं का तुमचं चाक?”

“नाही रे.”

“कसलं चाक आहे ते? आमच्या लिफ्टला लावा ना मग.”

त्याला महिनाअखेर उत्तर हवं आहे. मी म्हटलं, थांबलं की लगेच निघतो. कमल चाकाशेजारीच उभी होती, हातात केरसुणी. पडवी आज तिनं चार वेळा तरी झाडली असेल.

तिचा चेहरा ओढलेला वाटतो. विचारलं तर म्हणाली, झोप नीट होत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरी महालक्ष्मीची पूजा होती, संध्याकाळी वाडीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. मी एका बाजूला खुर्चीवर होतो. नेहमी त्या आत बसतात, आज बराच वेळ पडवीत चाकाभोवती उभ्या होत्या. ज्ञानेश्वरीनं विचारलं, “काका, हे उजवीकडनं फिरवतात का डावीकडनं?”

म्हटलं, कसंही फिरव, पण एकदा एका बाजूनं फिरत असेल तर उलट हात लावायचा नाही. मग तिनं विचारलं, कडेला धरायचं की आरीला? खालच्या घरची मनस्वी म्हणाली, जोर किती लागतो? मी उठलो आणि सगळं नीट समजावून दिलं. कडेला धरायचं, कारण मध्यापासून जितकं लांब तितका कमी जोर. शिसं का गुंडाळलंय, बेअरिंग कुठलं, विश्व कसं तापलेल्या मशीनरूमसारखं आहे, सगळं. सगळ्याजणी मान हलवत होत्या. बायकांना ह्या विषयात एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. उगाच इतके दिवस बोललो नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कमल म्हणाली, उद्या वेळणेश्वरला जाते. आपण होऊन. कालपर्यंत नाही म्हणत होती. काय बदललं ते विचारलं, तर म्हणाली, “गाईची सोय झाली.”

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी तिला गाडीत बसवून आलो. चाक फिरत होतं. दुपारी भात आणि बांगड्याचं कालवण कालचंच होतं, ते खाल्लं आणि माजघरात आडवा झालो. घर रिकामं वाटत होतं, झोप लागली नाही. चाकाचा आवाज ऐकत पडलो होतो. तो खाली खाली येत होता. मनात म्हटलं, आता आपल्याला कुणी काम सांगणार नाही, आज हे थांबताना बघायचं. उठणार तेवढ्यात खळ्यातून कुणाच्या तरी पायांचा आवाज आला.

दाराच्या फटीतून पाहिलं. ज्ञानेश्वरी. तिनं माजघराकडे एकदा बघून घेतलं, हात पदराला पुसला, चाकाची कडा धरली आणि पाळण्याला द्यावा तसा झोका दिला. मग दुसरा. चाकानं पुन्हा भुंग्याचा आवाज धरला.

मी बाहेर आलो. “ज्ञानेश्वरी.”

ती दचकली. “काका, तुमी झोपला नव्हता?”

“काय करतेस?”

“काय नाय. माशी बसली होती.”

“फिरत्या चाकावर?”

तिनं तो हात पदराआड घेतला. मग म्हणाली, “काकींना सांगू नका हं. तुमाला कळता नये असं ठरलंय.”

“कुणाचं ठरलंय?”

“वाडीचं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या वाडीत कुठलीही गोष्ट अखंड चालू ठेवायची म्हणजे पाळी लावतात. देवळातल्या दिव्याच्या तेलाला घरोघरची पाळी, पाटाच्या पाण्याला पाळी. कमल वेळणेश्वरला जाणार म्हणून गुरुवारी हळदीकुंकवाला चाकाची पाळी लागली. सकाळी मनस्वी, दुपारी ज्ञानेश्वरी, दिवेलागणीला लवूची आई. मी जे समजावून सांगितलं होतं ते म्हणजे त्यांचं शिक्षणच झालं.

“पण कशासाठी?”

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. “तुमीच म्हणालात ना, चाक थांबलं की जातो? काकींनी दोन्ही कानांनी ऐकलंन. दोनदा बोललात म्हणे. काकी म्हणाल्या, एवढी वर्षं माणूस नव्हतं तर नव्हतं. आता आलंय घरात, तर चाकापायी कशाला घालवू?”

“आणि आधी? इतके दिवस?”

“आधी त्याच करत होत्या. भाकरी करता करता उठून यायच्या.”

“रात्री?”

“रात्री तुमी झोपलात की थांबतंच की ते. पहाटे उठल्या की आधी चाक, मंग चूल.”

मी पायरीवर बसलो. ती म्हणाली, पाणी देऊ का. नको म्हटलं. मग मला कौलं आठवली, भरलेली कणगी आठवली, पोरीची वेळेवर गेलेली फी आठवली. पुढचं लिहीत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

ज्ञानेश्वरीकडे एका दिवसाची सुट्टी मागितली. “आज कुणी येऊ नका. मला ह्याला एकदा थांबताना बघायचंय. उद्यापासून पुन्हा पाळी.” तिला कमलचं भय. मी म्हटलं, ती येईल तेव्हा चाक चालू असेल, जबाबदारी माझी. आणि मला काही कळलेलं नाही, हे दोघांनी लक्षात ठेवायचं.

चाक फिरवलं, मोबाईल लावला, समोर बसलो. आऱ्या दिसायला लागल्या. मग शिशाचे तुकडे एक एक ओळखू यायला लागले. शेवटी एक जड बाजू वर जाऊन जाऊन थकली, वरपर्यंत पोचली नाही, मागे फिरली. मग चाक पाळण्यासारखं इकडून तिकडे हललं, आणि थांबलं. कधी थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही. पडवीत एवढी शांतता असते हे विसरलो होतो.

व्हिडिओ पाठवला आणि वेदिकाला सगळं सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, “आबा, म्हणजे तुमचा प्रयोग बरोबरच होता. बाहेरून ऊर्जा येत होती.”

“येत होती.”

“विश्वाला तेवढंच नाही. त्याला बाहेर म्हणून नाहीच. धक्का द्यायला कुणी यायचं म्हटलं तरी येणार कुठून? जे आहे ते सगळं आतच, आणि त्याच्यावरच चाललंय.”

मी तिला लिफ्टचं सांगितलं. पिंजरा एका बाजूला, वजन दुसऱ्या बाजूला. लोकांना वाटतं मोटर सगळा भार उचलते. तसं नसतं. दोन्ही बाजू सारख्या असल्या की भार एकमेकांना तोलतात, मोटरनं फक्त घासण्यात जाईल तेवढं भरून द्यायचं. तेवढंच. पण तेवढं कुणी दिलं नाही तर पिंजरा जागचा हलत नाही.

“हे विश्वाबद्दल बोलताय की आजीबद्दल?”

म्हटलं, “लिफ्टबद्दल.”

मंगळवार, २ डिसेंबर

कमल आली. विमलाच्या पायाला आता बरं आहे, मुलगा मुंबईहून आलाय. मी पडवीत उभा होतो. कुंपणाच्या बेड्यातून आत येताना तिनं आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाक जोरात होतं. तिची गाडी वळणावर दिसली तेव्हा मीच फिरवलं होतं.

“फिरतंय अजून?” म्हणाली.

“फिरतंय. काही कळत नाही.”

“नसंल कळत,” म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

संध्याकाळी रितेशला मी आपण होऊन फोन लावला, पडवीच्या टोकाला उभं राहून. “रितेश, ते चाक काही थांबत नाही. थांबायचं लक्षणच नाही. तू दुसरा माणूस बघ.” आतमध्ये नारळ खवण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. “अरे, थांबत नाही म्हणतोय,” मी पुन्हा ओरडलो. रेंज आज चांगली होती, पण दोनदा सांगितलेलं बरं. जरा वेळानं खवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

वेदिकाला काल दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाला. तो म्हणाला, चाक थांबलं तरी त्यातला कण न् कण हलतच असतो. हे मला माहीत नव्हतं. पुस्तक मागवलं आहे.

सकाळी कमल गाईकडे होती तेव्हा बेअरिंग उघडलं, जुनं ग्रीस पुसलं, पातळ तेल घातलं. आता चाक पहिल्यापेक्षा बरंच जास्त चालतं. म्हटलं, तिच्या खेपा तरी कमी होतील.

दुपारी जेवून पडवीतच चटई टाकली, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. श्वास झोपेतल्यासारखा लांब घेत होतो. थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या. चाक अजिबात मंदावलेलं नव्हतं, चांगलं घुमत होतं, तरी तिनं धक्का दिला. आवाज चढला. मी हललो नाही.

ती लगेच आत गेली आणि पुन्हा आली. माझ्या डोक्याशी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं आत गेल्यावर डोळे उघडून पाहिलं, तर चहाचा कप होता, वाफा येत होत्या, वर बशी झाकलेली.

झोपलेल्या माणसाजवळ गरम चहा कशाला ठेवून गेली, ते मात्र कळलं नाही.